भात पुन्हा वाढा, कुकी मात्र बदामाचीच करा

नाशिकच्या गंगापूर रोड भागातून एका आईचं पत्र आलं आहे. त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव देत नाही. पत्र थोडक्यात असं:

मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची. मुलाचं पोट वर्षभर बिघडत होतं, वजन वाढत नव्हतं. जूनमध्ये तपासण्या झाल्या आणि सीलिअ‍ॅकचं (ग्लुटेन म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं प्रथिन खाल्लं की आतड्याला इजा होते, त्या आजाराचं) निदान झालं. डॉक्टरांनी ग्लुटेन आयुष्यभर बंद करायला सांगितलं. त्यानंतर या बाईंनी रात्ररात्र व्हिडिओ बघून घरातलं सगळंच धान्य थांबवलं. गव्हाबरोबर तांदूळ, ज्वारी, बाजरी, नागलीही (नाचणी) गेली, आणि एकाला एक अन् दुसरीला दुसरं नको म्हणून मुलीचंही बंद. ‘धाकटी रोज रात्री वरण-भात मागते आणि रडून झोपते,’ असं त्या लिहितात. डिसेंबरात मुलाचा वाढदिवस आहे आणि त्याला दरवर्षी चॉकलेट चिप कुकीज लागतात. धान्याशिवायच्या कुकीजचे तीन घाणे बिघडले. पहिला पसरून ट्रेभर एकच पोळी झाली. दुसऱ्याचा भुगा झाला. तिसरा नारळाच्या पिठाचा. तो घशाखाली उतरेना आणि खालून करपलाही. मुलाने एक तुकडा खाऊन सांगितलं, ‘आई, ही खरी कुकी नाहीये.’ सासूबाई म्हणतात, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं. नागलीची भाकरी द्या त्याला. आणि एका बिस्किटानं काय होतंय?’ मागच्या आठवड्यात त्यांनी चहाबरोबर अर्धं बिस्कीट दिलंही. यजमानांचं म्हणणं, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच कर. बाईंचे प्रश्न दोन: कुकी जमवायची कशी, आणि सासूबाईंना समजवायचं कसं?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा कुकीसाठी. दुसऱ्यांदा वाचताना मात्र धाकटीच्या वरण-भाताच्या ओळीपाशी थांबले. कुकीबद्दल सविस्तर लिहिणार आहे, मापं आणि कृतीसकट. पण आधी त्या ताटाकडे बघू या, कारण तुमचा निम्मा थकवा तिथून येतोय असं मला वाटतं.

डॉक्टर म्हणाले ‘ग्लुटेन बंद’. घरी येईपर्यंत त्याचं ‘धान्य बंद’ झालं. तुमची यात चूक नाही. व्हिडिओंमध्ये हे दोन्ही शब्द एकाच दमात येतात आणि घाबरलेली आई जास्त कडक असेल ते पाळते. पण दोन्ही गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. ग्लुटेन हे गहू, जव आणि राय (इंग्रजीत rye, मोहरी नव्हे) या धान्यांतल्या प्रथिनांचं नाव. गहू म्हटला की कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया सगळं आलं. खपलीसुद्धा गहूच, ‘जुना देशी गहू आहे, चालतो’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका, नागली आणि वरई यांत हे ग्लुटेन नसतं. ओट्स मूळचे वेगळे असले तरी शेतापासून गिरणीपर्यंत गव्हात मिसळतात, म्हणून डॉक्टर स्वतःहून सांगेपर्यंत ते बाजूला ठेवा. धान्य पूर्ण सोडण्याची पद्धत काही लोक आपापल्या कारणांनी पाळतात. सीलिअ‍ॅकच्या मुलासाठी ती कुणी मागितलेली नाही.

या आजाराचं कोडं सुटलं त्याची हकिगत तुम्हाला सांगावीशी वाटते. नेदरलँड्समध्ये विलेम-कारेल डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. गव्हाचा आणि या आजाराचा संबंध असावा असा संशय त्यांना आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला. बाकी सगळे उपाशीपोटी खंगत असताना या आजाराची मुलं मात्र सुधारली. पाव परत मिळू लागला आणि ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी हे पद्धतशीर तपासून १९५० साली प्रबंधात मांडलं. त्याआधी या आजारात मुलांना काय काय सोडायला लावत, कुणाला नुसत्या केळ्यांवर ठेवत. नेमका शत्रू कोण ते कळल्यामुळेच बाकीचं ताट मुलांना परत मिळालं. तुमच्या मुलालाही ते परत मिळायला हवं.

आता वरण-भात. तुम्ही त्यातला भात काढलात. भात निर्दोष होता. तपासायला हवा होता वरणातला हिंग. आपल्या डबीतला हिंग शुद्ध नसतो. तो डिंक आणि पीठ मिसळून सौम्य केलेला असतो, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. काही कंपन्या तांदळाचं वापरतात. डबी उलटी करून घटक वाचा. गहू किंवा मैदा लिहिला असेल तर ती डबी मुलाच्या स्वयंपाकातून बाहेर.

ग्लुटेन असं आडवाटेने येतं. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी मूठभर गहू असतोच. सातूच्या पिठात असतो. दुधात घालायच्या ज्या पावडरींवर ‘माल्ट’ लिहिलेलं असतं, तो माल्ट सहसा जवाचा असतो. सोया सॉसमध्ये गहू असतो. प्रसादाचा शिरा तर उघडच रव्याचा. आणि आपली रविवारची मिसळ! पाव बाजूला ठेवला की झालं असं वाटतं, पण फरसाणात मैद्याचे तुकडे असतात आणि शेव त्याच तेलात तळलेली असते. मिसळ घरी करा. मटकीची उसळ, कट, आणि घरी पाडलेली बेसनाची शेव. एवढ्यासाठी त्याचा रविवार घालवू नका.

सगळ्यांत मोठी आडवाट म्हणजे गिरणी. ज्वारी कितीही निवडलेली असली तरी गव्हाच्या पाठोपाठ दळली की त्यात गहू आलाच. घरघंटी असेल आणि तिच्यात गहू दळलेला नसेल तर उत्तम. नसेल तर थोडं थोडं मिक्सरमध्ये दळा. लाकडी पोळपाट-लाटण्याच्या रेघांत पीठ बसतं, म्हणून मुलासाठी नवीन घ्या. पिठाची चाळणीसुद्धा नवीन घ्या. ही गोष्ट खूपजणी विसरतात. बदामाचं महागडं पीठ करतात आणि कणकेच्या चाळणीतून चाळतात.

बाजारच्या वस्तूंचं म्हणाल, तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेल्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, आणि ग्लुटेनयुक्त धान्य असेल तर पाकिटावर तसा इशारा छापावा लागतो. नऊ वर्षांचा मुलगा हे वाचू शकतो. दुकानात पाकीट त्याच्या हातात द्या आणि त्यालाच ठरवू द्या, घ्यायचं की ठेवायचं. उद्या सहलीला तुम्ही बरोबर नसणार आहात.

धान्य पूर्ण बंद ठेवण्यात एक नुकसानही आहे. या आजारात आतड्याच्या आतल्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांना इजा होते, त्यामुळे लोह आणि कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. अशा मुलाचं ताट शक्य तितकं भरलेलं हवं. नागलीच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरांत पिकणारं हे धान्य आपल्या दाराशी येतं, आणि नेमकं तेच तुम्ही बंद केलंत. आहारतज्ज्ञांची एकदा भेट घ्या आणि आठवड्याचं ताट लिहून आणा. तुमच्या डोक्यावरचं ओझं कागदावर उतरेल.

धाकटीबद्दल एक गोष्ट जरा नेटाने सांगते, रागावू नका. हा आजार घराण्यात चालतो, म्हणून रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांचीही रक्ततपासणी करावी असं डॉक्टर सुचवतात. ही तपासणी गहू खाण्यात असतानाच खरं उत्तर देते. आधीच गहू बंद केला तर रक्तातल्या खुणा ओसरतात आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. तुम्ही प्रेमापोटी तिचंही बंद केलंत, पण त्याने तिची तपासणी अवघड करून ठेवली. या आठवड्यातच मुलाच्या डॉक्टरांना फोन करा. मुलीचा गहू जूनपासून बंद आहे हे स्पष्ट सांगा, आणि परत कधी, किती दिवस सुरू करून तपासायचं ते त्यांनाच ठरवू द्या. स्वतःहून काही करू नका. ज्या वाचकांच्या घरी नुकतंच निदान झालंय त्यांनीही हे लक्षात ठेवावं: आधी सगळ्यांच्या तपासण्या, मग स्वयंपाकघरातली उलथापालथ.

आता सासूबाई. तुम्ही त्यांची दोन वाक्यं एकाच पुरचुंडीत बांधून दोन्हीवर भांडताय. ती सोडून बघा. ‘नागलीची भाकरी द्या त्याला’ हे त्यांचं बरोबर आहे. ‘एका बिस्किटानं काय होतंय’ हे चूक आहे, आणि धोक्याचं आहे. तुम्ही पहिलंही नाकारल्यामुळे दुसऱ्यावरचा तुमचा शब्द त्यांना हट्ट वाटतो. जिने नागली बंद केली ती सून बिस्किटाबद्दलही अतिरेकच करत असणार, असा त्यांचा हिशोब. त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही असंच वाटलं असतं.

म्हणून त्यांच्याकडे जाऊन सरळ सांगा, ‘आई, नागलीचं तुमचं बरोबर होतं. मीच घाबरून बंद केली. आता त्याची भाकरी तुम्हीच करा, तुमच्यासारखी मला जमत नाही.’ नवीन परात, नवीन चाळणी, वेगळा तवा त्यांच्या ताब्यात द्या. ‘याला गव्हाचा हात लागू द्यायचा नाही’ ही राखण त्यांच्याकडे आली की त्या तुमच्याहून कडक होतील. सोवळं पाळलेल्या पिढीला वेगळी भांडी, वेगळा हात हे शिकवावं लागत नाही.

‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ यावरही वाद घालू नका. थोडं खरंच आहे ते. त्यांच्या लहानपणी कितीतरी घरांत रोज भाकरी नाहीतर भात असायचा, गव्हाची पोळी सणावाराला. आणि जी मुलं तरीही आजारी पडत, ती ‘अंगी लागत नाही’, ‘किडकिडीतच आहे’ म्हणून मोठी होत किंवा होत नसत. नाव ठाऊक नव्हतं एवढंच.

बिस्किटाचं मात्र डॉक्टरांच्या तोंडून होऊ द्या. पुढच्या भेटीला सासूबाईंना बरोबर न्या आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या. अर्ध्या बिस्किटानंतर पोट दुखलंच असं नाही. मूल खेळत राहतं, बाहेरून काही दिसत नाही, आणि आत भरत आलेली जखम पुन्हा उघडते. वरचेवर असं झालं की तुमची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात जाते. हे त्यांनी सुनेकडून ऐकणं आणि पांढऱ्या कोटातल्या माणसाकडून ऐकणं यात फरक पडतो, तो मान्य करून टाका. आजी चहाबरोबर नातवाला काहीतरी देणारच. तिच्या हाताशी देण्याजोगं काही असलं पाहिजे, आणि इथेच तुमची कुकी कामाला येते.

तर कुकी. वर मी म्हटलं की त्याला धान्य चालतं. मग बदामाची कुकी कशाला? कारण ती चांगली लागते. पोळी फुगायला, पाव जाळीदार व्हायला ग्लुटेन लागतं. कुकीला ते फारसं नकोच असतं. नानखटाई करताना आपली आई ‘जास्त मळू नको, चिवट होईल’ म्हणायची ती याचसाठी. बिनग्लुटेनचा पाव करायला घेतलात तर महिनोन्‌महिने झगडाल. कुकीत तो झगडा नाही. सुरुवातीला तुम्ही नेमका योग्य पदार्थ निवडलात, फक्त गव्हाच्या कृतीची मापं बदामाला लावलीत.

पहिला घाणा पसरला, कारण बदामात जवळजवळ निम्मं तेलच असतं. मैद्याच्या कृतीतलं लोणी जसंच्या तसं घातलं की पीठ तुपात पोहतं. लोणी निम्म्यावर आणायचं आणि गोळे भाजण्याआधी गार करायचे.

दुसऱ्याचा भुगा झाला त्याला कारणं दोन असावीत. धरून ठेवायला अंडं किंवा दुसरं काही नव्हतं, आणि तुम्ही लिहिलंय की गरम गरमच उचलून बघितल्या. बदामाची कुकी ओव्हनमधून निघते तेव्हा लिबलिबीत असते. ती ट्रेवरच २० मिनिटं बसू द्यायची, तिथे ती घट्ट होते. या २० मिनिटांत मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवा.

तिसरं, नारळाचं पीठ. ते पाणी असं शोषतं की बदामाच्या जागी तेवढंच घातलं तर कोरडंठाक होणारच. त्याच्या कृती वेगळ्या असतात, आत्ता त्यात शिरू नका. आणि खालून करपलं ते गुळामुळे आणि ट्रे खालच्या कांबीवर ठेवल्यामुळे. बदाम आणि गूळ दोन्ही मैद्या-साखरेपेक्षा लवकर तांबूस होतात.

ही मापं घ्या. साधारण १६ कुकीज होतात. बदामाचं बारीक पीठ २०० ग्रॅम, मऊ लोणी किंवा बटर ६० ग्रॅम, साखर किंवा गुळाची पावडर ८० ग्रॅम, एक अंडं, पाव चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, एक चमचा व्हॅनिला इसेन्स आणि ९० ग्रॅम चॉकलेट चिप्स. बटरऐवजी तूप घेतलंत तर ५० ग्रॅमच घ्या, कारण बटरमध्ये पाणी असतं, तुपात नाही. नाशिकच्या डिसेंबरात बटर दगडासारखं असतं, तेव्हा ते तासभर आधी बाहेर काढा. वितळवू मात्र नका, वितळलं की पसरणं आलं.

बटर आणि साखर रवीने किंवा चमच्याने फिकट होईपर्यंत फेसा. अंडं, इसेन्स आणि लिंबाचा रस घालून एकजीव करा. पीठ, सोडा, मीठ वेगळं कालवून त्यात मिसळा, शेवटी चिप्स. मूठभर चिप्स वर लावायला मागे ठेवा, दिसायला फार छान दिसतं. पीठ हाताला चिकटेल. तसंच असतं ते, वरून आणखी पीठ घालू नका. झाकून फ्रीजमध्ये तासभर ठेवा. लिंबाएवढे गोळे करून बटर पेपरवर लांब लांब मांडा आणि तळव्याने थोडे चपटे करा, कारण बदामाचं गार पीठ आपणहून फारसं पसरत नाही. ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) १६५ अंशांवर आधी तापवून घ्या. ट्रे मधल्या कांबीवर, ११ ते १३ मिनिटं. कडा सोनेरी झाल्या आणि मध्यभाग कच्चा वाटला की बाहेर काढा. मध्यभाग तयार वाटेपर्यंत थांबलात तर थंड झाल्यावर कडक होतील.

घरात अंडं चालत नसेल तर एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा, ती बुळबुळीत होते आणि अंड्याचं काम बऱ्यापैकी करते. जवस आणि जव यांची गल्लत करू नका. जवस म्हणजे चटणीची अळशी, ती चालते. जव चालत नाही. किराणा दुकानात घाईत एकाऐवजी दुसरं बांधून दिलं जाऊ शकतं. या बिनअंड्याच्या घाण्यात शिंगाड्याचं पीठ दोन चमचे घाला, कुकी छान धरून राहते. सासूबाईंच्या उपवासाच्या डब्यात ते असेलच.

बदामाचं पीठ विकतच घ्यायला हवं असं नाही. बदाम दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून सोला, पुसून रात्रभर पंख्याखाली वाळवा, मग ओटीजीत १०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवून पूर्ण गार करा. कृतीतल्या साखरेतले दोन चमचे घालून मिक्सर थांबत थांबत फिरवा. एकसारखा फिरवलात तर तेल सुटून लगदा होईल. ओलसर बदाम दळणं हे कुकी बिघडण्याचं मोठं कारण आहे. तुमचा दुसरा घाणा घरच्या पिठाचा असेल तर तिथेही शंका घ्या.

खर्चाची काळजी तुमच्या पत्रात दोनदा आली आहे. वाढदिवसाला बदाम वापरा, रोजच्या डब्याला शेंगदाणे. भाजून, सालं पाखडून केलेलं २०० ग्रॅम कूट थोडं तेल सुटेपर्यंत फिरवा, त्यात १०० ग्रॅम साखर, एक अंडं, पाव चमचा सोडा, मीठ आणि चिप्स. लोणी नाही, पीठ नाही. १७० अंशांवर दहा-बारा मिनिटं. ही कुकी इतकी खमंग होते की मला तरी बदामापेक्षा हीच आवडते. बदामाच्या पिठात एक तृतीयांश बेसन घातलं तरी चालतं, पण ते आधी मंद आचेवर कोरडं भाजून गार करा, नाहीतर कच्चट वास राहतो. बेसनसुद्धा गिरणीचं नको. हरभरा डाळ निवडून मिक्सरला दळा आणि नव्या चाळणीने चाळा.

चिप्सचं पाकीट आधी वाचा. चॉकलेटमध्ये कधी माल्ट असतो, कधी ‘गव्हाचा अंश असू शकतो’ असं लिहिलेलं असतं. ज्या वाचकांना दुसऱ्या कारणाने धान्य खरंच वर्ज्य आहे त्यांनी हेही बघावं की बेकिंग पावडर आणि आयसिंग शुगरमध्ये सहसा मक्याचा स्टार्च असतो. वरच्या कृतीत म्हणूनच सोडा आणि लिंबू आहे. तुमच्या मुलाला मका चालतो, तुम्ही त्याची चिंता करू नका. मधुमेहाच्या वाचकांनी मात्र बदामाचं पीठ बघून निर्धास्त होऊ नये, ८० ग्रॅम साखर किंवा गूळ त्यात आहेच.

आता त्याचं ते वाक्य. ‘ही खरी कुकी नाहीये.’ तुम्हाला ते लागलं, साहजिक आहे. तीन रात्री जागून केलेल्या कुकीबद्दल कुणी असं म्हटलं तर लागणारच. पण तुम्ही त्याच पत्रात लिहिलंय की त्याची कुकी वेगळ्या डब्यात होती आणि बहिणीच्या ताटलीत दुकानातलं बिस्कीट होतं. (म्हणजे तिचं सगळं बंद नाही, डॉक्टरांना हेही सांगा.) मला वाटतं, तो चवीबद्दल जितकं बोलला तितकंच त्या डब्याबद्दल बोलला. नऊ वर्षांच्या मुलाला खरी कुकी म्हणजे सगळे खातात ती.

म्हणून वाढदिवसाला एकच ताट करा. त्याची वेगळी कुकी आणि मित्रांची वेगळी असं नको. सगळ्यांना बदामाच्या कुकीज, सगळ्यांना घरची बेसनाची शेव घातलेली मुगाची भेळ, आणि तांदळाच्या उकडीचे मोदक-पातोळे आवडत असतील तर तेही. जेवणात एकही पदार्थ असा नको की ज्याच्याकडे बघून त्याला हात मागे घ्यावा लागेल. ‘हे बरं का, बिनगव्हाचं आहे’ अशी दवंडी पिटू नका. एक गोष्ट मात्र करा: येणाऱ्या मुलांच्या आयांना आधी विचारा की कुणाला बदाम-शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का. आपल्या मुलासाठी जी काळजी आपण मागतो ती दुसऱ्याच्या मुलालाही द्यायला हवी.

वाढदिवसाआधी एकदा सराव करा, आणि गोळे वळायला दोन्ही मुलांना घ्या. ज्या कुकीवर चिप्स त्याने स्वतः लावल्या आहेत, तिला तो खोटी म्हणणार नाही.

दुसऱ्यांच्या वाढदिवसांची काळजी तुम्ही शेवटी लिहिली आहे. कच्चे गोळे ट्रेवर कडक गोठवून डब्यात भरा, फ्रीझरमध्ये महिनाभर टिकतात. बोलावणं आलं की चार गोळे काढा, दोन-तीन मिनिटं जास्त भाजा आणि त्याच्या खिशात नाही, तर त्या घरच्या आईच्या हातात द्या, म्हणजे त्या केकबरोबर सगळ्यांच्या बशीसारख्याच बशीत वाढतील. आदल्या दिवशी फोन करून ठेवा. बहुतेक आया मनापासून मदत करतात, त्यांना फक्त नेमकं काय चालतं ते कळायला हवं असतं.

हे सगळं एका दिवसात करायचं नाही. उद्या डॉक्टरांना फोन, रविवारी नवीन चाळणी आणि पोळपाट. आज रात्री एवढंच करा: कुकर लावा, दोघांनाही मऊ भात वाढा, आणि हिंगाची डबी वाचून होईपर्यंत वरण नुसतं हळद, मीठ आणि वर चमचाभर तूप घालून द्या.